रायफल घेऊन रेल्वेने: परवाना, पेटी आणि खालचा बर्थ

परवान्याची बंदूक रेल्वेतून नेता येते का, हा प्रश्न मला वर्षभर कोणी ना कोणी विचारत असतं. नेमबाजीच्या रेंजवर नव्याने येणाऱ्या मुलींचे आईवडील विचारतात, घरात बारा बोअरची बंदूक असलेले शेतकरी विचारतात, मुंबईत बँकेच्या दारात गार्ड म्हणून उभे राहणारे निवृत्त जवान विचारतात. उत्तर 'येते' असंच आहे. पण तेवढं एका शब्दाचं उत्तर घेऊन स्टेशनवर गेलेल्या माणसाची फार ओढाताण होते. म्हणून मी ज्यातून गेले ते जरा सविस्तर लिहिते.

मी सांगलीची. पन्नास मीटर रायफल, थ्री पोझिशन हा माझा प्रकार. गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून, प्रत्येक स्थितीत वीस अशा साठ गोळ्या. आमची रायफल पॉइंट टू-टूची (०.२२ इंच बोअरची), म्हणजे कायद्याच्या भाषेत अग्निशस्त्र. मोठ्या स्पर्धा बहुधा दिल्लीत तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर नाहीतर भोपाळला. विमानाने जायचं तर शस्त्र आहे असं काउंटरवर सांगून ते चेक-इन सामानात द्यावं लागतं, आणि त्याची पद्धत ठरलेली आहे. पण दर स्पर्धेला विमान कोणाला परवडतं? आमच्याकडचे बहुतेक नेमबाज मिरजेला गोवा एक्सप्रेस धरतात आणि दोन रात्री व मधला दिवस प्रवास करून निजामुद्दीनला उतरतात.

परवाना मिळण्याची कहाणी थोडक्यात उरकते. ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी आणि आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त परवाना देतात. अर्ज, पोलिसांचा अहवाल, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र, घरी बंदूक कुलपात ठेवण्याची हमी, नेमबाजी संघटनेचं पत्र असं सगळं झालं की परवाना येतो आणि राष्ट्रीय नोंदणीतला यूआयएन क्रमांक त्यावर पडतो. प्रवास करणाऱ्याने त्यात एक ओळ आधी पाहायची, ती म्हणजे परवान्याचं क्षेत्र. नुसता जिल्हा किंवा राज्य लिहिलेलं असेल तर बंदूक त्या हद्दीबाहेर नेता येत नाही. गोवा एक्सप्रेस मिरजेहून निघाली की महाराष्ट्र, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, पुन्हा मध्य प्रदेश, राजस्थानचा धौलपूरचा पट्टा, पुन्हा उत्तर प्रदेश, हरियाणा आणि मग दिल्ली अशा हद्दी ओलांडते. बऱ्हाणपूर आलं की महाराष्ट्र संपला, आणि राज्यापुरता परवानाही तिथेच संपला. खेळाडूंना संपूर्ण भारताचं क्षेत्र मिळू शकतं, पण ते मागावं लागतं आणि परवान्यावर लिहून घ्यावं लागतं. परवान्याच्या अटी मोडल्या तर शस्त्र कायद्याच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

कायदा १९५९ चा आणि नियम २०१६ चे. या नियमांतला सार्वजनिक जागी शस्त्र नेण्याबद्दलचा भाग मी छापून परवान्याच्या प्रतीसोबत ठेवते. त्याचा मथितार्थ असा. लांब बंदूक तिच्यासाठी बनवलेल्या पेटीत किंवा गवसणीत असली पाहिजे, पूर्ण झाकलेली असली पाहिजे आणि नेणाऱ्याचा तिच्यावर परिणामकारक ताबा असला पाहिजे. सार्वजनिक जागी शस्त्र उगारायला किंवा झाडायला सक्त मनाई आहे. मला यातला 'ताबा' सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण रेल्वेत खरी कसोटी त्याचीच लागते. बंदूक गाडीत चढवण्यात फारसं काही नाही. पण तीस-बत्तीस तासांच्या प्रवासात माणूस झोपतो, जेवतो, संडासला जातो, शेजारच्याशी बोलतो, आणि या सगळ्या वेळात ती तुमच्या ताब्यात राहायला हवी.

शस्त्र कायद्याचं कलम २० तर प्रत्येक परवानाधारकाने वाचावं. कोणी संशय यावा अशा रीतीने शस्त्र नेत असेल, तर परवाना असो वा नसो, त्याला वॉरंटशिवाय अटक करता येते. आणि हा अधिकार फक्त पोलिसांना नाही. रेल्वेत काम करणाऱ्या माणसालाही तो कायद्याने दिलेला आहे. म्हणून प्लॅटफॉर्मवर पेटी उघडून कोणाला कौतुकाने रायफल दाखवणं, फोटो काढून देणं हे मी कधीच करत नाही, आणि बरोबरच्या पोरींनाही करू देत नाही.

आता पेटीचं. हा भाग मला सर्वांत जड गेला. रेल्वेच्या सामानाच्या नियमात डब्यात नेता येणाऱ्या पेटीचं माप १०० × ६० × २५ सेंटीमीटर असं दिलेलं आहे. थ्री-एसीत तर ते ५५ × ४५ × २२.५ इतकं कमी होतं. त्याहून मोठी पेटी ब्रेक व्हॅनमध्ये बुक करा, असं नियम सांगतो. आमची रायफल जशीच्या तशी पेटीत ठेवली तर पेटी सव्वाशे सेंटीमीटरच्या घरात जाते. म्हणजे रेल्वेचा नियम म्हणतो पेटी ब्रेक व्हॅनला द्या, आणि शस्त्राचा नियम म्हणतो ताबा सोडू नका. ब्रेक व्हॅनमध्ये पार्सलांच्या ढिगात टाकलेल्या रायफलीवर माझा कसला ताबा? दोन्ही नियम आपापल्या जागी योग्य आहेत. ते करताना ट्रंका आणि गाठोडी डोळ्यांसमोर होती, नेमबाज नव्हता, एवढंच.

बरेच जण लांब पेटी तशीच नेतात आणि टीसी समजून घेतात. पण मला कोणाच्या समजूतदारपणावर स्पर्धा टांगून ठेवायची नव्हती. म्हणून मी रायफल सुटी करते. स्टॉक, म्हणजे रायफलीचा खांद्याला टेकणारा दस्ता, त्याच्या खालचे दोन स्क्रू काढले की नळी आणि अ‍ॅक्शन (गोळी भरून झाडण्याची यंत्रणा) एका बाजूला, स्टॉक दुसऱ्या बाजूला होतो. मागची बटप्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारी पट्टी, काढली की स्टॉकही आखूड होतो. हे सगळं शंभर सेंटीमीटरच्या कडक पेटीत जेमतेम बसतं. मात्र याची किंमत मोजावी लागते. ते स्क्रू किती आवळलेत यावर रायफलीचा नेम ठरतो, थोडा फरक पडला तरी गोळ्यांचा जमाव सरकतो. त्यामुळे टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, सोबत ठेवायचा, आकडा वहीत लिहून ठेवायचा आणि रेंजवर पोचल्यावर सरावाची पहिली वेळ पुन्हा नेम बसवण्यात घालवायची. माझे प्रशिक्षक सर म्हणतात, "पेटीपायी रायफल कशाला खोलतेस?" त्यांची काळजी मला कळते. पण नियमात बसणारी पेटी हातात असली की टीसीसमोर आणि पोलिसांसमोर माझा आवाज स्थिर राहतो, आणि तो मला नेम सरकल्याने जाऊ शकणाऱ्या दोन-तीन गुणांपेक्षा मोलाचा वाटतो.

तिकीट टू-एसीचं, खालचा बर्थ, आणि कन्फर्म असेल तरच. आरएसीवर अर्ध्या सीटवर बसून बंदुकीचा ताबा कसा ठेवणार? जास्तीचे पैसे जातात, पण थ्री-एसीच्या मापात पेटी बसतच नाही आणि स्लीपरमध्ये दिवसा आरक्षण नसलेली माणसं येऊन बसतात.

बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवून झाडणारा सुटा होणारा भाग, काढून मी कमरेच्या पाऊचमध्ये ठेवते. चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागी, पिवळा सेफ्टी फ्लॅग घातलेला असतो, म्हणजे पेटी उघडताक्षणी समोरच्याला चेंबर रिकामा आहे हे दिसतं. बोल्टशिवाय ती रायफल झाडता येत नाही. कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे भागही शस्त्रातच मोडतात, त्यामुळे बोल्ट आणि बाकीची रायफल दोन्हींची जबाबदारी माझीच. पण मी संडासला गेले आणि कोणी पेटीला हात घातलाच, तर त्याच्या हाती चालणारं हत्यार लागणार नाही, हे समाधान मोठं असतं.

काडतुसं मी रेल्वेने नेत नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम ६७ प्रमाणे धोकादायक माल आधी लेखी कळवल्याशिवाय सोबत नेता येत नाही, आणि कलम १६४ खाली त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. प्रत्येक स्टेशनवर स्फोटकांची मनाई सांगणारा फलक असतोच. गोळ्यांच्या डब्या घेऊन त्या फलकाखाली वाद घालत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. माझ्या वाट्याच्या गोळ्या मी दिल्लीत पोचल्यावर घेते, सराव आणि सामना मिळून जेवढ्या लागतील तेवढ्याच, आणि परवान्यावर नोंद करून घेते. परतताना पेटीत एकही काडतूस नसतं.

मिरजेला मी गाडीच्या बऱ्याच आधी पोचते आणि पेटी घेऊन थेट लोहमार्ग पोलीस ठाण्यात जाते. इथे अनेकांचा गोंधळ होतो. रेल्वे सुरक्षा दल, म्हणजे आरपीएफ, हे केंद्राचं. रेल्वेची मालमत्ता आणि प्रवासी यांची राखण त्यांच्याकडे. लोहमार्ग पोलीस राज्याचे, आणि शस्त्र कायद्याखालचा गुन्हा नोंदवायचा तो त्यांनी. म्हणून मी आधी त्यांच्याकडे जाते. सक्ती म्हणून नव्हे, स्वतःहून. पहिल्यांदा गेले तेव्हा टेबलाशी वयस्कर हवालदार होते. त्यांनी परवाना पानापानाने पाहिला, पेटी उघडायला लावली, मोबाईलच्या उजेडात अ‍ॅक्शनवरचा क्रमांक आकडा आकडा वाचला आणि परवान्यावरच्या क्रमांकावर बोट ठेवून पुन्हा वाचला. मग डायरीत नोंद केली: गाडी, डबा, बर्थ, शस्त्राचा प्रकार, क्रमांक.

"ताई, तुम्ही स्वतःहून आलात ते बरं केलंत," ते म्हणाले. "गाडीत कोणी तक्रार केली आणि आमच्याकडे फोन आला, तर आम्हाला उत्तर देता येतं."

त्या एका नोंदीचा केवढा आधार वाटतो, ते गाडी सुटल्यावर कळतं. पेटी बर्थखाली सरकवायची, साखळी तिच्या दोन्ही कड्यांतून घेऊन सीटखालच्या लोखंडी कडीला कुलूप लावायचं, किल्ली गळ्यात. दौंड मागे पडल्यावर टीसी आले. पेटीकडे पाहून त्यांनी विचारलं, मी परवाना काढून दिला. 'पन्नास मीटर रायफल' हे शब्द ऐकताच त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे स्वप्निलचा प्रकार!" राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे मध्य रेल्वेत टीसी होता, पुणे विभागात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात त्याने ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेतलं. या प्रकारात भारताचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. टीसीसाहेब माझ्या बर्थच्या कडेला टेकून बराच वेळ विचारत राहिले, नेमबाजीचं जॅकेट एवढं कडक का असतं, उभं राहून मारताना श्वास कधी रोखायचा. आमच्या भागात तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्यामुळे नेमबाजी घराघरात माहीत आहे. त्या पदकाने रेल्वेच्या डब्यातही आमची ओळख करून दिली, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

सगळीकडे असंच होत नाही. एका स्पर्धेहून परतताना उत्तरेतल्या एका मोठ्या स्टेशनवर माझी पेटी स्कॅनरमधून गेली आणि पट्टा थांबला. पडद्यावर नळी आणि स्टॉक अगदी स्वच्छ दिसत होते. जवानाने हात वर करून मागची रांग थोपवली. "मॅडम, ये क्या है?" मी दोन पावलं मागे सरले, हात पेटीपासून लांब ठेवले आणि म्हणाले, लायसन्सची स्पोर्ट्स रायफल आहे, कागद देते, पण पेटी इथे गर्दीत उघडणार नाही, चौकीत चला. हे वाक्य मी आधीपासून ठरवून ठेवलेलं असतं. घाबरून तिथेच पेटी उघडली असती तर शंभर मोबाईल वर झाले असते आणि घबराट पसरली असती.

चौकीत गेल्यावर अडलं ते वेगळ्याच जागी. ड्यूटीवरच्या माणसाचं म्हणणं एकच, स्टेशनात शस्त्राला मनाई आहे. मी परवाना, स्पर्धेचं पत्र, ओळखपत्र, छापलेले नियम पुढे ठेवले. त्याने ते वाचले, पण निर्णय त्याचा नव्हता, आणि प्रभारी अधिकारी बाहेर गेले होते. वाट पाहण्यात माझी गाडी सुटली. प्रभारी आले ते गाडी गेल्यानंतर. त्यांनी क्रमांक जुळवले, यूआयएन तपासला आणि सरळ सांगितलं की कागद पूर्ण आहेत, जाऊ शकता. पण जाणार कशाने? पुढची गाडी सकाळी होती. प्रतीक्षालयात रायफल घेऊन रात्र काढणं मला मान्य नव्हतं, क्लोक रूमला ती देणं तर शक्यच नव्हतं. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी चौकीतल्या बाकावर बसू दिलं, एका महिला शिपायाने चहा आणून दिला, आणि ती रात्र मी पेटीवर पाय ठेवून काढली. तिकिटाचे पैसे गेले. नव्या गाडीत आरक्षण मिळेपर्यंत जिवाला घोर लागला होता तो निराळाच.

तरीही तपासणीबद्दल माझी तक्रार नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईच्या सीएसटीवर दोन दहशतवादी सामानात रायफली आणि हातबॉम्ब घेऊन शिरले आणि पन्नासहून जास्त माणसं मारली गेली. उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपल्या केबिनमधून सूचना देत प्रवाशांना बाहेर काढलं नसतं तर आणखी किती गेली असती, याचा विचार करवत नाही. आणि ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर–मुंबई सेंट्रल गाडीत आरपीएफच्याच एका जवानाने सरकारी शस्त्राने आपल्या वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना गोळ्या घातल्या. रेल्वेत बंदूक काय करू शकते हे महाराष्ट्राने दोनदा पाहिलं आहे. माझी पेटी थांबवणारा जवान त्याचं काम करत होता. शंभरदा थांबवावं. माझं म्हणणं इतकंच आहे की थांबवल्यावर पुढे काय करायचं हे त्याच्याजवळ लिहिलेलं असावं.

एअर रायफलवाल्या मुलामुलींना तर याचा त्रास जास्त होतो. ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल असेल तर परवाना लागत नाही. म्हणजे दाखवायला त्यांच्याकडे परवानाच नसतो! स्कॅनरच्या पडद्यावर मात्र ती माझ्या रायफलीसारखीच दिसते. सतरा-अठरा वर्षांचं पोर पोलिसांसमोर "लायसन्स लागत नाही" म्हणालं की ते उद्धट वाटतं. त्यांनी खरेदीची पावती, संघटनेचं ओळखपत्र, स्पर्धेचं निमंत्रण आणि नियमाची छापील प्रत पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवावी, असं मी सांगते. मोबाईलमधलं पुरत नाही. बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

आणखी एक, निवडणुकीच्या दिवसांचं. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. खेळाडूंना आणि बँकांच्या रखवालदारांना त्यातून सूट मिळते, पण ती लेखी असावी लागते. आपल्या जिल्ह्यात निवडणूक नसेल, पण वाटेतल्या राज्यात असेल तर तपासणी कडक असते. अशा वेळी स्पर्धेचं पत्र परवान्याच्याही वर ठेवावं.

आमच्या जिल्ह्यातल्या नेमबाजांनी मिळून रेल्वेला एक अर्ज तयार केला आहे. त्यात तीनच मागण्या आहेत. कन्फर्म तिकीट आणि परवाना असलेल्या खेळाडूची, सुटी करून कुलपात ठेवलेली रायफल डब्यात नेता येईल, हे सामानाच्या नियमात मापासकट स्पष्ट लिहावं. प्रत्येक मोठ्या स्टेशनच्या आरपीएफ चौकीत एक पानी सूचना लावावी, की परवाना कसा वाचायचा, क्रमांक कुठे असतो, प्रभारी नसतील तर निर्णय कोणी घ्यायचा. आणि चढण्याच्या स्टेशनवर शस्त्राची नोंद झाली की तिची पावती प्रवाशाला मिळावी, म्हणजे पुढच्या स्टेशनवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. अर्जावर सह्या घेणं चालू आहे. रायफल घेऊन रेल्वेने प्रवास करणाऱ्यांनी आपल्या जिल्हा संघटनेकडून असाच अर्ज द्यावा, आणि आपल्याला कुठे, कशासाठी अडवलं गेलं ते तारखेसकट त्यात लिहावं.